डोमेन नाव म्हणजे काय आणि त्यासाठी दरवर्षी पैसे का भरायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानदार, लेखक, शाळा, वाचनालये आणि सहकारी संस्था चालवणारी मंडळी डोमेन नावाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. तांत्रिक तपशील आवश्यक तेवढाच ठेवला आहे. पैशाच्या आणि हक्काच्या प्रश्नांना मात्र मुद्दाम अधिक जागा दिली आहे, कारण लोकांचे खरे नुकसान तेथेच होते.

डोमेन नाव म्हणजे नेमके काय?

इंटरनेटवर संगणक एकमेकांना अंकी पत्त्याने ओळखतात. या पत्त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीत तो ० ते २५५ यांमधील चार संख्यांचा असतो आणि नव्या पद्धतीत त्याहून कितीतरी लांब असतो. हे आकडे माणसांच्या लक्षात राहत नाहीत, आणि शिवाय ते बदलतात. संकेतस्थळ एका कंपनीच्या सर्व्हरवरून, म्हणजे मागणाऱ्याला माहिती पुरवणाऱ्या सतत चालू संगणकावरून, दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर हलवले की आकडाही बदलतो. त्या बदलत्या आकड्याच्या पुढे उभे असलेले, माणसाला वाचता आणि सांगता येईल असे कायमचे नाव म्हणजे डोमेन नाव. कोणी अमुक नाव विचारले तर त्याला तमुक आकडा सांगावा, अशी एक नोंद जगभर विखुरलेल्या एका दप्तरात केलेली असते. तुम्ही पैसे भरता ते ही नोंद आपल्या नावावर व्हावी आणि टिकावी म्हणून. हे एकदा नीट ध्यानात आले की पुढचे बहुतेक प्रश्न सोपे होतात.

ही व्यवस्था कोणी आणि केव्हा तयार केली?

आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेट या अमेरिकन जाळ्यात सुरुवातीला मोजके संगणक होते. त्या सर्वांची नावे आणि पत्ते एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत, आणि ती फाइल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालचे माहिती केंद्र सांभाळत असे. नवा संगणक जोडायचा असेल तर या केंद्राला कळवायचे, केंद्राने फाइलमध्ये भर घालायची आणि बाकीच्यांनी ती फाइल आपापल्या संगणकावर उतरवून घ्यायची, अशी रीत होती. संगणकांची संख्या वाढत गेली तशी ही रीत पुरी पडेना. तेव्हा १९८३ मध्ये संगणकतज्ज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी, त्यांचे सहकारी जॉन पोस्टेल यांनी सोपवलेल्या कामातून, नावांची उतरंड असलेली नवी व्यवस्था आखली. तिला डोमेन नेम सिस्टिम किंवा डीएनएस म्हणतात. सगळी नावे एकाच ठिकाणी लिहिण्याऐवजी प्रत्येक पातळीवर आपापल्या हद्दीपुरते दप्तर ठेवायचे, ही तिच्यातील मूळ कल्पना होती आणि ती आजही तशीच चालते. डॉट कॉमखाली नोंदले गेलेले पहिले नाव सिम्बॉलिक्स डॉट कॉम हे होते. संगणक बनवणाऱ्या त्या अमेरिकन कंपनीने ते १५ मार्च १९८५ रोजी नोंदवले.

नाव टंकल्यावर पडद्यामागे काय घडते?

यासाठी आपल्या पिन कोडचा दाखला उपयोगी पडतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेली ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या डाक खात्यातील अधिकाऱ्याने आखली. ते संस्कृत कवी म्हणूनही प्रसिद्ध होते. पिन कोडचा पहिला अंक देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिन कोड ४ ने सुरू होतात ते यामुळेच. पुढचे अंक क्रमाक्रमाने क्षेत्र लहान करत जातात आणि शेवटचे तीन अंक थेट टपाल कार्यालयाशी पोहोचवतात. मुंबईच्या वर्गीकरण केंद्रातील माणसाला संगमेश्वरातली गल्ली माहीत असण्याची गरज नसते. पत्र कोणत्या दिशेला धाडायचे एवढे त्याला कळले की पुरते.

डोमेन नावाची उतरंडही अशीच आहे, फक्त ती उजवीकडून डावीकडे वाचायची असते. तुमचा फोन आधी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला नाव विचारतो. त्याला उत्तर ठाऊक नसेल तर तो उतरंडीच्या माथ्यावरच्या मूळ सर्व्हरकडे जातो. या मूळ सर्व्हरांना ए ते एम अशी तेरा अक्षरनावे आहेत, बारा संस्था ते चालवतात, आणि त्यांच्या प्रती जगभर ठेवलेल्या आहेत. काही प्रती मुंबईतही आहेत. नाव डॉट इनचे असेल तर मूळ सर्व्हर एवढेच सांगतो की डॉट इनचे दप्तर अमुक ठिकाणी आहे. डॉट इनचे दप्तर सांगते की या नावाची माहिती तमुक सर्व्हरवर मिळेल. तो शेवटचा सर्व्हर प्रत्यक्ष आकडा देतो. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत होते. मिळालेले उत्तर काही काळ जपून ठेवले जाते, आणि म्हणूनच संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवल्यानंतर काही तास कोणाला जुने पान दिसते, तर कोणाला नवे.

पूर्वी ही नावे फुकट मिळत असत, हे खरे आहे का?

होय, खरे आहे. १९९५ पर्यंत नोंदणीसाठी शुल्क नव्हते. नाव मागणारी बहुतेक विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि तंत्रज्ञान कंपन्या होत्या, आणि नोंदणीचा खर्च अमेरिकन सरकार उचलत होते. १९९३ पासून हे काम तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनशी झालेल्या करारानुसार नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीकडे होते. त्याच सुमारास वेबचा प्रसार झाला, व्यापारी जगाचे लक्ष गेले आणि अर्जांचा पूर लोटला. अमेरिकन करदात्याने जगभरच्या कंपन्यांच्या नावांचा खर्च का सोसावा, हा प्रश्न रास्तच होता. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांसाठी १०० डॉलर असे शुल्क लागू झाले.

शुल्कामुळे आणखी एक गोष्ट साधते, आणि मला ती खर्चभरपाईपेक्षाही महत्त्वाची वाटते. चांगली नावे मोजकी असतात. फुकट मिळाली असती तर एकाच माणसाने एका रात्रीत शब्दकोशातले सगळे शब्द नोंदवून ठेवले असते. आजही साठेबाजी होतेच, पण प्रत्येक नावाचे पैसे दरवर्षी भरावे लागत असल्याने निरुपयोगी नावे कधी ना कधी सोडून द्यावी लागतात.

मी भरलेले पैसे नेमके कोणाकडे जातात?

तुम्ही ज्या दुकानातून नाव घेता त्याला रजिस्ट्रार म्हणतात. त्याच्या मागे रजिस्ट्री असते, म्हणजे त्या शेवटाचे मूळ दप्तर सांभाळणारी संस्था. शेवट म्हणजे नावाच्या अखेरीस येणारा डॉट कॉम, डॉट इन असा भाग. डॉट कॉमची रजिस्ट्री व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी आहे. डॉट इनची जबाबदारी निक्सी या भारतातील ना-नफा संस्थेकडे आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेली आयकॅन ही संस्था जगभरच्या या व्यवस्थेचे नियम आणि समन्वय पाहते. तिच्यावरील अमेरिकन सरकारची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली.

डॉट कॉमचे उदाहरण घेतले तर सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक नावामागे वर्षाला १०.२६ डॉलर रजिस्ट्रीला जातात. आयकॅनचा वाटा पाव डॉलरहूनही कमी असतो. उरलेली रक्कम रजिस्ट्रारची. त्यातून तो ग्राहकसेवा, जाहिरात आणि स्वतःचा नफा भागवतो. भारतात यावर वस्तू आणि सेवा कर लागतो. या धंद्यात मुंबईचेही नाव आहे: भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी १९९८ मध्ये मुंबईत सुरू केलेली डिरेक्टी ही कंपनी जगातील मोठ्या रजिस्ट्रारांमध्ये गणली गेली.

एवढ्या लहानशा नोंदीला दरवर्षी पैसे कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. ती नोंद एकदा लिहून कपाटात ठेवता आली असती तर खर्च झालाच नसता. पण रजिस्ट्रीचे सर्व्हर रात्रंदिवस, एक क्षणही न थांबता, जगातून येणाऱ्या प्रत्येक चौकशीला उत्तर देत असतात. त्यांच्यावर हल्ले होतात, ते परतवावे लागतात. ते काही तास बंद पडले तर लाखो संकेतस्थळे आणि ईमेल एकाच वेळी दिसेनाशी होतील.

एकदाच मोठी रक्कम भरून नाव कायमचे विकत घेता येत नाही का?

नाही. डॉट कॉम आणि डॉट इन या दोन्हींमध्ये एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची मुदत मिळते. बोलताना आपण ‘डोमेन विकत घेतले’ म्हणतो, पण व्यवहाराचे स्वरूप भाडेपट्ट्याचे आहे. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करत राहिलात तर नाव पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याकडे राहू शकते, आणि इतर कोणी अधिक पैसे देऊ केले म्हणून ते तुमच्याकडून काढून घेतले जात नाही. या अर्थाने तो बळकट भाडेपट्टा आहे, पण मालकीचा कागद नव्हे.

डोमेन आणि होस्टिंग यांत फरक काय? दोन्हींचे पैसे वेगळे का?

डोमेन हे नाव झाले; होस्टिंग ही संकेतस्थळाच्या फाइली ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेली जागा. दुकानाची पाटी आणि दुकानाचा गाळा यांत जेवढे अंतर आहे तेवढेच या दोहोंत आहे. गाळा बदलला तरी तीच पाटी नव्या जागी लावता येते. दोन्ही एकाच कंपनीकडून घेणे सोयीचे असते, सक्तीचे मात्र नसते.

पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत मिळालेले नाव दुसऱ्या वर्षी हजाराच्या पुढे कसे गेले?

पहिल्या वर्षाची किंमत ही ग्राहक मिळवण्यासाठी दिलेली सवलत असते, आणि अनेकदा ती खरेदीखर्चाहूनही कमी असते. नाव पाट्यांवर, पावत्यांवर आणि लोकांच्या तोंडी रुळले की ते सोडणे अवघड होते, हे विक्रेता जाणून असतो. म्हणून नाव घेताना पहिल्या वर्षाचा दर पाहू नये. नूतनीकरणाचा दर पाहावा. तो त्याच पानावर, बहुधा बारीक अक्षरांत, दिलेला असतो. काही नव्या शेवटांखालील आकर्षक शब्द ‘प्रीमियम’ म्हणून वेगळ्या दराने दिले जातात, आणि त्यांपैकी काहींचे नूतनीकरणही तितकेच महाग असते.

वेबसाइट बनवणाऱ्यानेच आमचे डोमेन घेऊन दिले आहे. त्यात काही धोका आहे का?

आहे, आणि या पानावरील सर्वांत काळजीपूर्वक वाचण्यासारखे उत्तर हेच आहे. जमिनीच्या बाबतीत आपण पहिल्यांदा विचारतो की सातबारा कोणाच्या नावावर आहे. डोमेनच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही. पैसे संस्था देते, नाव संस्थेचे असते, पण नोंदीत नोंदणीदार म्हणून वेबसाइट बनवणाऱ्या माणसाचे नाव, त्याचा ईमेल आणि त्याचा फोन असतो. रजिस्ट्रारच्या दृष्टीने ग्राहक तोच.

मी ज्या सार्वजनिक वाचनालयाच्या कामात आहे, तेथे हेच घडले. एका होतकरू तरुणाने अतिशय मनापासून संकेतस्थळ करून दिले होते आणि डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतले होते. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. आम्हीच त्याला ‘तेवढे तूच बघ’ म्हणालो होतो. पुढे त्याने व्यवसाय बदलला, तो गाव सोडून गेला, आणि नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्याच्या कधीही न उघडल्या जाणाऱ्या ईमेलवर येत राहिली. आम्हाला कळले तेव्हा नाव सुटून दुसऱ्याच कोणी घेतलेले होते आणि त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकत होत्या. देणगीच्या पावती पुस्तकांवर, सभासद कार्डांवर, शताब्दीच्या स्मरणिकेवर तोच पत्ता छापलेला होता. एका निवृत्त शिक्षिकेने फोन करून विचारले की वाचनालयाने हे काय चालवले आहे. त्या दिवशीची लाज मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून आग्रहाने सांगतो. रजिस्ट्रारकडचे खाते संस्थेच्या नावाने उघडा. नोंदणीदार म्हणून संस्थेचे नाव घाला. ईमेल असा द्या की जो पदाधिकारी बदलले तरी संस्थेकडेच राहील, आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडले तर स्मरणपत्र येण्याची वाटही त्याच्याबरोबर बंद होते. खात्याला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डबरोबर आणखी एक खूण विचारली जाईल. वेबसाइट बनवणाऱ्याला तांत्रिक बदलांसाठी वेगळा प्रवेश देता येतो. मुख्य किल्ली त्याच्याकडे असण्याची गरज नसते. सध्या नोंद कोणाच्या नावावर आहे हे तपासायचे असेल तर रजिस्ट्रारच्या खात्यात पाहावे. डोमेन नोंदींच्या सार्वजनिक शोधात पूर्वी मालकाचे नाव आणि फोन सर्रास दिसत असत. २०१८ मध्ये युरोपचा माहिती संरक्षण कायदा लागू झाल्यानंतर डॉट कॉमसारख्या शेवटांसाठी ही माहिती बहुधा झाकलेली असते.

नूतनीकरण विसरले तर नाव लगेच जाते का?

लगेच जात नाही. डॉट कॉमच्या बाबतीत मुदत संपल्यावर संकेतस्थळ आणि ईमेल बंद पडतात, पण रजिस्ट्रारच्या धोरणानुसार ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या दराने नूतनीकरण करता येऊ शकते. त्यानंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो. या काळात नाव परत मिळते, पण त्यासाठी जबर शुल्क पडते. मग पाच दिवस नाव पूर्ण गोठवले जाते आणि त्यानंतर ते सर्वांसाठी मोकळे होते. मात्र पहिल्या टप्प्यातच काही रजिस्ट्रार नाव लिलावात काढतात, त्यामुळे ४५ दिवस आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. सुटणाऱ्या नावांवर नजर ठेवून ती त्याच क्षणी पकडणाऱ्या स्वयंचलित यंत्रणा आहेत. जुन्या नावावर येणारी वर्दळ त्यांना हवी असते.

विसरणे फक्त लहानांच्या हातून होते असेही नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे शुल्क भरायचे राहून गेले, आणि त्यावर अवलंबून असलेल्या हॉटमेल या ईमेल सेवेत लोकांना शिरता येईना. अखेर एका अमेरिकन प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डवरून ३५ डॉलर भरले, तेव्हा अडचण दूर झाली. स्वयंचलित नूतनीकरण सुरू ठेवावे, पण त्याच्याशी जोडलेल्या कार्डाची मुदत संपली की तेही निरुपयोगी ठरते. महत्त्वाच्या नावाची मुदत एकदम तीन-चार वर्षांसाठी वाढवून ठेवणे मला अधिक खात्रीचे वाटते.

डॉट कॉम घ्यावे की डॉट इन?

तुमचा वाचक किंवा ग्राहक भारतातला असेल तर डॉट इन पुरेसे आहे आणि ते बहुधा स्वस्तही पडते. परदेशी व्यवहार असेल तर डॉट कॉम लोकांच्या जिभेवर आधीपासून आहे. परवडत असेल तर दोन्ही घ्यावीत आणि एक दुसऱ्याकडे वळवावे.

डॉट इनची सुरुवात मुंबईत झाली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९८९ मध्ये हा शेवट भारताच्या नावे झाला, तेव्हा त्याची व्यवस्था जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने पाहिली. नियम कडक होते, कागदपत्रे लागत. परिणामी १९९२ ते २००४ या काळात सुमारे सात हजारच नावे नोंदली गेली. २००५ च्या आरंभी नोंदणी सर्वांसाठी खुली झाली आणि चित्र पालटले. गव्ह डॉट इन हा शेवट आजही फक्त सरकारी कार्यालयांना आणि एसी डॉट इन हा शैक्षणिक संस्थांनाच मिळतो, आणि ते योग्यच आहे.

दोन अक्षरी शेवट देशांचे असतात, हे लक्षात ठेवावे. डॉट एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता असे वाटते, पण तो कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या चिमुकल्या बेटाचा शेवट आहे, आणि अलीकडे त्या बेटाच्या सरकारी तिजोरीत त्याची मोठी भर पडते. डॉट टीव्ही हा प्रशांत महासागरातील तुवालूचा. अशा शेवटांचे दर आणि नियम त्या त्या देशाच्या हाती असतात.

डोमेन नाव मराठीत, देवनागरी लिपीत घेता येते का?

घेता येते. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘डॉट भारत’ हा शेवट सुरू झाला आणि त्यात पहिल्या दिवसापासून मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांचा समावेश होता. डीएनएसची मूळ रचना फक्त रोमन अक्षरे, अंक आणि संयोगचिन्ह यांसाठी झाली असल्याने देवनागरी नाव आतल्या आत एका सांकेतिक रोमन रूपात बदलले जाते. त्या रूपाची सुरुवात नेहमी एक्स, एन आणि दोन संयोगचिन्हे यांनी होते. वाचकाला हे दिसण्याची गरज नसते, पण जुन्या प्रणालींत दुवा चिकटवला की ते विचित्र रूप उघडे पडते.

आपल्या भाषेत पत्ता असावा, ही इच्छा मला पूर्णपणे मान्य आहे. रोमन लिपी न वाचणाऱ्या माणसालाही इंटरनेटवर स्वतःचे दार स्वतःच्या अक्षरांत उघडता आले पाहिजे. पण आजची अडचणही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अनेक अर्ज आणि ईमेल प्रणाली देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत. शिवाय मराठीत ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक झाली की पत्ता चुकतो. ‘विहीर’ बरोबर आणि ‘विहिर’ चूक, हे शुद्धलेखनाच्या तासाला ठीक आहे. टंकणारा वाचक मात्र दोन्ही लिहितो, आणि संगणकासाठी ती दोन संपूर्ण वेगळी नावे आहेत. अनुस्वाराचेही तसेच. म्हणून देवनागरी नाव जरूर घ्यावे, शब्द निवडताना ज्याच्या लेखनाविषयी शंका उरत नाही असा निवडावा, आणि जोडीला रोमन नाव ठेवावे.

रोमन लिपीत मराठी नावाचे स्पेलिंग कसे ठरवावे?

हा प्रश्न इंग्रजी शब्दांना पडत नाही, आपल्याला मात्र हटकून पडतो. ‘ज्ञान’ मराठी माणूस डी-एन-वाय ने लिहितो, हिंदी भाषक जी-वाय ने आणि संस्कृतचा अभ्यासक जे-एन ने. ‘लक्ष्मी’ कोणी एक्स वापरून लिहितो, कोणी के-एस-एच. ‘व’ साठी व्ही की डब्ल्यू, दीर्घ ‘आ’ साठी एक ए की दोन, हेही ठरलेले नसते. याची सोपी परीक्षा आहे. नाव निवडल्यावर घरातल्या तीन-चार जणांना ते फोनवरून फक्त उच्चारून सांगा आणि लिहायला लावा. सर्वांनी सारखेच लिहिले तर ते नाव घ्यावे. दोन रूपे निघाली तर दोन्ही नोंदवावीत. चार निघाली तर दुसरे नाव शोधावे. संयोगचिन्ह शक्यतो टाळावे, कारण तोंडी सांगताना ते गळते. नियमाप्रमाणे एका भागात ६३ अक्षरे चालतात, पण व्यवहारात पंधराच्या पुढे गेलेले नाव लोक नीट टंकत नाहीत.

काही नावे लाखो-कोट्यवधी रुपयांना का विकली जातात?

ती रक्कम रजिस्ट्रीचे शुल्क नसते. नाव आधीच ज्याच्या नावावर आहे, तो आपला हक्क सोडण्यासाठी ती मागतो. लहान, सोपे, सर्वांना कळणारे शब्द डॉट कॉमखाली फार पूर्वीच संपले आहेत. मोक्याच्या नाक्यावरच्या गाळ्याचे जे होते तेच त्यांचे झाले. व्हॉइस डॉट कॉम हे नाव २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरना विकले गेले. मात्र असे सौदे विरळ असतात, आणि ‘नावे घेऊन ठेवा, श्रीमंत व्हा’ असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. घेऊन ठेवलेल्या बहुसंख्य नावांना कधीच गिऱ्हाईक मिळत नाही आणि नूतनीकरणाचा खर्च मात्र दरवर्षी अंगावर येतो.

दुसऱ्या कोणी आमच्या व्यवसायाचे नाव नोंदवले तर काय करता येते?

तुमचे नाव लोकांत रुजलेले असेल आणि समोरच्याचा हेतू वाईट असेल, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच, रेडिफ या संकेतस्थळाच्या नावातील एक अक्षर बदलून ‘रॅडिफ’ असे नाव घेणाऱ्यांविरुद्धच्या प्रकरणात, डोमेन नाव हे निव्वळ इंटरनेटवरील पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळायला हवे, अशी भूमिका घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २००४ रोजी सत्यम इन्फोवे या कंपनीच्या प्रकरणात, ‘सिफी’ या नावाशी मिळतेजुळते नाव वापरण्याविरुद्ध, हेच तत्त्व पक्के केले. न्यायालयाबाहेरचा मार्गही आहे: डॉट कॉमसारख्या शेवटांसाठी आयकॅनने १९९९ मध्ये मंजूर केलेली तंटा निवारण पद्धत आणि डॉट इनसाठी निक्सीची स्वतंत्र लवाद पद्धत. नाव फसगत व्हावी इतके सारखे आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि हेतू वाईट आहे, हे तुम्हाला दाखवावे लागते. जिनिव्हातील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एकाच निर्णेत्यासमोर साधी तक्रार करण्याचे शुल्क १,५०० डॉलर आहे. त्यापुढे वेळेवर घेतलेल्या नावाचे वार्षिक शुल्क फारच थोडे वाटते. आपल्या आडनावाच्या दुसऱ्या माणसाने ते नाव आधी आणि सरळ हेतूने घेतले असेल, तर मात्र तक्रारीला जागा नाही.

फसवा पत्ता कसा ओळखावा?

पत्ता उजवीकडून वाचावा. सुरुवातीच्या दोन जोडरेषा सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेषेच्या डावीकडचा शेवट आणि त्याच्या लगतचा शब्द यांनाच अर्थ असतो. त्याच्याही डावीकडे बँकेचे नाव कितीही ठळक लिहिलेले असले तरी ते कोणीही लिहू शकतो. याच फसवणुकीला आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने बँक डॉट इन हा राखीव शेवट आणला आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जाण्यास सांगितले. हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था एकटीच त्याची नोंदणी करते, त्यामुळे तो भामट्यांना मिळत नाही. नागरी आणि जिल्हा सहकारी बँकांनाही हा नियम लागू आहे. पतसंस्था ही बँक नव्हे, म्हणून तिचा पत्ता या शेवटाचा नसणार.

फेसबुकचे पान किंवा व्हॉट्सॲप असताना डोमेनसाठी पैसे का द्यावेत?

ज्याचे काम तेवढ्यात भागते त्याने ते घेऊ नये. हे मी मोकळेपणाने सांगतो. परंतु तेथील पत्ता तुम्हाला हलवता येत नाही. उद्या ते खाते बंद झाले किंवा लोक दुसऱ्या ॲपकडे वळले, तर तुमच्या नावामागे जमलेली माणसे तुम्हाला नव्याने शोधावी लागतात. डोमेन तुमच्या हाती असेल तर संकेतस्थळ, ईमेल आणि मागची कंपनी यांपैकी काहीही बदला, छापलेला पत्ता तोच राहतो. पुस्तकावर, औषधाच्या खोक्यावर किंवा शिलालेखावर छापायचा पत्ता असा असावा.

एका रजिस्ट्रारकडून नाव दुसरीकडे नेता येते का?

येते, आणि सध्याचा रजिस्ट्रार ते विनाकारण अडवू शकत नाही. खात्यातून नावाचे कुलूप काढावे, हस्तांतरणाचा गुप्त संकेत मागून घ्यावा आणि तो नव्या रजिस्ट्रारकडे द्यावा. डॉट कॉमसारख्या शेवटांत नोंदणीनंतर किंवा आधीच्या हस्तांतरणानंतर ६० दिवस सहसा थांबावे लागते. मुदत संपायच्या अगदी तोंडावर हे काम काढू नये. किमान महिनाभर हाताशी ठेवावा. ईमेल जुन्याच कंपनीच्या सर्व्हरवरून चालत असेल तर त्याच्या नोंदी आधी उतरवून घ्याव्यात. डॉट कॉमच्या हस्तांतरणाबरोबर एक वर्षाचे शुल्क घेतले जाते, पण ते वर्ष आधीच्या मुदतीत मिळवले जाते, त्यामुळे उरलेले दिवस बुडत नाहीत.